न खेळलेल्या माणसाचा आवाज

नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत आणि बांगलादेश यांच्यात एक कसोटी झाली. दिवसरात्र आणि गुलाबी चेंडूनं खेळली गेलेली भारतातली ही पहिलीच कसोटी. बांगलादेशच्या दोन खेळाडूंच्या हेल्मेटवर चेंडू आदळले आणि त्यांच्या जागी दुसरे खेळाडू घ्यावे लागले. कॉमेंट्री बॉक्समध्ये हर्षा भोगले म्हणाले की, हा चेंडू नीट दिसतो का, हे सामना संपल्यावर खेळाडूंना विचारायला हवं. शेजारी संजय मांजरेकर बसले होते. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा होता की, विचारायची गरज तुम्हाला आहे. आम्ही जे खेळलोय, त्यांना समोर काय चाललंय ते कळतं.

भोगल्यांनी आवाज चढवला नाही. मैदानावर खेळलेलं असणं ही शिकण्यातली अडचण होऊ नये, तसं असतं तर टी-ट्वेंटी कधी जन्मालाच आलं नसतं, अशा आशयाचं ते काहीतरी बोलले आणि पुढच्या चेंडूकडे वळले. नंतर मांजरेकरांनी आपलं ते बोलणं योग्य नव्हतं, हे जाहीरपणे मान्य केलं. वाद तिथंच मिटला.

पण ती क्लिप अजून फिरते. मी ती बऱ्याचदा पाहिली आहे आणि दरवेळी मला वाटतं की भोगल्यांच्या चाळीस वर्षांच्या कामाचा सारांश त्या दोन मिनिटांत आलाय. एक माणूस म्हणतो, ‘विचारूया.’ दुसरा म्हणतो, ‘मला माहितेय.’ क्रिकेट बघणाऱ्या आपल्यासारख्या कोट्यवधी लोकांच्या बाजूनं त्या खोलीत कोण बसलं होतं, हे तेव्हा स्पष्ट दिसलं.

हर्षा भोगले अजून बोलतायत. सामना लावला की तो ओळखीचा आवाज येतो, थोडा वरच्या पट्टीतला, आतून हसणारा. पण त्यांनी साठी केव्हाच ओलांडली आहे. आज ना उद्या ते माइक खाली ठेवतील, तेव्हा सोशल मीडियावर ‘आमच्या बालपणाचा आवाज’ अशा पोस्टींचा पूर येईल. त्या आठवणी खऱ्याच असतील. मला मात्र त्याआधी एक वेगळी गोष्ट नोंदवायची आहे. त्यांचा आवाज गोड आहे म्हणून ते मोठे आहेत, असं मला वाटत नाही. मैदानाबाहेरच्या माणसालाही खेळ समजू शकतो, हे त्यांनी रोज, चेंडूगणिक सिद्ध केलं म्हणून ते मोठे आहेत. आणि ते गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर त्यांच्यासारखा माणूस येईल अशी चिन्हं नाहीत.

केमिकल इंजिनिअर, पण बोलण्याचा

आधी थोडी माहिती. भोगल्यांचा जन्म १९ जुलै १९६१ चा, हैदराबादचा. घर मराठी. वडील फ्रेंचचे प्राध्यापक, आई मानसशास्त्राची प्राध्यापक. उस्मानिया विद्यापीठातून केमिकल इंजिनिअरिंग, मग अहमदाबादचं आयआयएम. म्हणजे आपल्याकडच्या प्रत्येक काकांनी आपल्या मुलासाठी पाहिलेलं स्वप्न या माणसानं रीतसर पूर्ण केलं, काही काळ जाहिरात कंपनीत नोकरीही केली आणि मग ते सगळं बाजूला ठेवून क्रिकेटवर बोलायला लागला. बोलण्याची सुरुवात तर त्याही आधीची. वयाच्या १९ व्या वर्षी ते आकाशवाणीच्या हैदराबाद केंद्रावरून समालोचन करत होते.

इथं एक गंमत आहे. भोगले अजिबातच खेळलेले नाहीत, हा आपला समज चुकीचा आहे. हैदराबादच्या लीगमध्ये ते खेळले. रोहिंटन बारिया या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उस्मानियाच्या संघातून खेळले. आमच्या रिठदमध्ये असा खेळाडू निघाला असता तर त्याचे फ्लेक्स बसस्टँडवर लागले असते. तरीही टीव्हीवरच्या हिशेबात हा माणूस ‘न खेळलेला’. यावरून ती भिंत किती उंच झाली आहे याचा अंदाज येईल. विद्यापीठाचा खेळाडू जर बाहेरचा, तर तुम्ही-मी कुठे?

१९९१-९२ मध्ये भारतीय संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा तिथल्या एबीसी रेडिओनं भोगल्यांना बोलावलं. असं निमंत्रण मिळालेले ते पहिले भारतीय समालोचक. भारत ती मालिका ४-० नं हरला. पण त्याच मालिकेत १८ वर्षांच्या सचिन तेंडुलकरनं सिडनीला नाबाद १४८ आणि पर्थला ११४ धावा केल्या. या सचिनबद्दल भोगल्यांनी त्याच्या शाळेच्या दिवसांतच ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’ मासिकात लेख लिहिला होता. तो भारताकडून खेळण्याच्याही आधी. १९९५ नंतर ईएसपीएन-स्टारच्या काळात ते घराघरात पोचले.

माझ्या पिढीला ते भेटले त्यानंतर. मी १९९० च्या दशकाच्या अखेरीस जन्मलो. आमचं गाव रिसोड तालुक्यातलं, वाशिम जिल्ह्यातलं. सोयाबीन, तूर आणि दिवसाचे ठरलेले तास गायब होणारी लाइट. मॅच टीव्हीवर सुरू व्हायची आणि लोडशेडिंग झालं की रेडिओवर संपायची. अर्धा वेळ हिंदी, अर्धा वेळ इंग्रजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या आम्हा पोरांना इंग्रजीतलं बहुतेक काही कळत नसे. पण टीव्हीवरच्या आवाजांत एक आवाज असा होता, की ज्याची वाक्यं पूर्ण व्हायची. शब्द कळले नाहीत तरी इथं प्रश्न संपला, इथं उत्तर सुरू झालं, हे कळायचं. सूर वर जाऊन थांबला की शेजारचा माणूस बोलायला लागे.

तेव्हा ती केवळ सवय होती. आता मला त्यामागची पद्धत दिसते.

प्रश्नाची कारागिरी

भोगल्यांची कॉमेंट्री लक्ष देऊन ऐकली तर एक साचा सापडतो. आधी ते परिस्थिती मांडतात: किती चेंडू, किती धावा, कोण गोलंदाजी करू शकतो, कुणाची षटकं शिल्लक आहेत. मग त्यातला पेच दाखवतात. आणि मग त्या पेचाचा प्रश्न करून शेजारच्या माजी खेळाडूकडे सरकवतात. उदाहरणार्थ, शेवटच्या चार षटकांत कर्णधाराकडे चांगला गोलंदाज एकच उरलाय. त्याला आत्ता आणून विकेट घ्यायची की शेवटच्या षटकासाठी राखायचा? समोर मॅच पाहणाऱ्याच्या मनात हा प्रश्न अर्धवट तयार झालेला असतो. भोगले तो पूर्ण करतात.

हे सोपं वाटतं, पण नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुणी लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासायचा असतो. त्यात मला दोन प्रकारची माणसं भेटलीत. एक म्हणतो, ‘हे चुकलंय, असं कर.’ दुसरा विचारतो, ‘इथं यादी रिकामी आली तर काय होईल?’ दुसऱ्या माणसाला उत्तर बहुतेक वेळा माहीत असतं. तरी तो विचारतो, कारण प्रश्नामुळे लिहिणाऱ्याला आपणहून सगळं पुन्हा बघावं लागतं आणि त्यातून कधीकधी तपासणाऱ्यालाही माहीत नसलेलं बाहेर येतं. भोगल्यांचा प्रश्न या दुसऱ्या जातीचा आहे. सुनील गावसकरांना ते काहीतरी विचारतात, तेव्हा गावसकरांच्या डोक्यात तीस-चाळीस वर्षं पडून राहिलेली एखादी गोष्ट वर येते, जी न विचारता कधीच आली नसती.

कारण खेळलेल्या माणसाची एक अडचण असते. त्याला बऱ्याच गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्या सांगण्यासारख्या आहेत हेच त्याला सुचत नाही. तुम्हाला सायकल चालवता येते, पण तोल कसा सांभाळता हे सांगा म्हटलं तर अडकाल. माजी खेळाडू ‘छान लेंग्थ’ म्हणून मोकळा होतो. ती छान का, आधीच्या षटकातल्या लेंग्थपेक्षा वेगळी कशी, फलंदाजाचा पाय का अडकला, हे काढून घ्यायला कुणीतरी बाहेरचा लागतो. भोगल्यांनी ते काम केलं. आपलं अज्ञान त्यांनी कधी लपवलं नाही आणि मिरवलंही नाही. ते वापरलं.

त्यांची दुसरी खुबी म्हणजे रेडिओची शिस्त टीव्हीवर आणणं. रेडिओवर समालोचक गप्प बसला तर ऐकणाऱ्यासाठी मैदानच नाहीसं होतं. टीव्हीवर उलटं असतं. चित्र समोर आहे, त्यामुळे जे दिसतंय तेच बोललं तर ऐकणारा कंटाळतो. रेडिओवरून आलेले अनेक जण ही उडी मारू शकले नाहीत. भोगल्यांनी मारली. चित्रात जे दिसत नाही ते त्यांनी सांगायला घेतलं: या पोराचं गाव कोणतं, हा सामना या माणसासाठी का महत्त्वाचा, मागच्या वेळी याच मैदानावर काय झालं होतं. एखादा नवखा खेळाडू पहिल्यांदा मैदानात उतरतो, तेव्हा त्याच्यासाठी सगळ्यात तयारीनं कोण आलंय, हे भोगल्यांच्या पहिल्या दोन वाक्यांतून समजतं.

लिंबाच्या झाडाखाली

आमच्या गावात सोयाबीन निघालं की टेनिस बॉलच्या टूर्नामेंट सुरू होतात. पंचक्रोशीतले संघ येतात. मंडपात भोंगा, माइक, आणि माइकवर एक काका. त्यांचं किराणा दुकान. त्यांना बॅट धरलेलं मी कधी पाहिलं नाही. पण सकाळी नऊपासून अंधार पडेपर्यंत ते बोलत. बक्षीस कुणाकडून, चहा कुणाकडून, कोणत्या गावचा पोरगा कोणत्या मामाकडं शिकायला आहे, सगळं त्यांना पाठ. आणि मधूनमधून ते फलंदाजाला नावं ठेवत.

एकदा एका खेळाडूला ते झोंबलं. आउट झाल्यावर तो मंडपात आला अन् म्हणाला, “काका, तुमी खेळले का कधी?”

काकांनी माइक बंद न करताच उत्तर दिलं, “मी नाई खेळलो बावा. पण सकाळपासून सारे ओव्हर मीनंच पाह्यले ना. तू त आउट झाला की लिंबाखाली जाऊन झोपतो.”

सगळं मैदान हसलं. पण काकांचा मुद्दा पक्का होता. खेळणारा आपला डाव जगतो. बघणारा सगळा सामना बघतो. हे दोन वेगळे अनुभव आहेत आणि एकानं दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. साहित्यात आपण हे केव्हाच मान्य केलंय. कादंबरी न लिहिलेला माणूस कादंबरीवर लिहू शकतो, फक्त त्यानं ती नीट वाचलेली हवी. क्रिकेटमध्ये मात्र आपण अजून ‘किती कसोट्या खेळलास?’ असं विचारतो.

भारतात नेहमीच असं नव्हतं. १९३० च्या दशकात मुंबईच्या सामन्यांचं रेडिओवर वर्णन करणारे बॉबी तल्यारखान हे बोलणारे म्हणून प्रसिद्ध होते. दिवसभर एकटे बोलत आणि माइक दुसऱ्याला द्यायला राजी नसत. पुढं मराठीत बाळ ज. पंडित यांनी धावत्या वर्णनाची वाट पाडली. ते खेळलेलेही होते, पण लोकांनी त्यांना लक्षात ठेवलं ते मराठी शब्दांसाठी. इंग्रजीतच बोलता येतो असं मानला गेलेला खेळ मराठीतही घडताना ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. वि. वि. करमरकर हे तर मुळात पत्रकार. मराठी दैनिकाच्या शेवटच्या पानाला त्यांनी प्रतिष्ठा दिली आणि समालोचनही केलं. हिंदीत इंदूरचे सुशील दोशी. ही सगळी भाषेची माणसं होती. रेडिओला चित्र नव्हतं, म्हणून त्याला भाषा येणारा माणूस लागायचा. टीव्हीला चित्र होतं, म्हणून त्याला ओळखीचा चेहरा लागला. तिथून ही वाट अरुंद होत गेली. भोगले त्या वाटेवरून आलेले, टीव्हीच्या मुख्य खोलीत पोचलेले आणि इतकी वर्षं टिकलेले जवळपास शेवटचे.

टिकण्याची किंमत

ही खुर्ची किती डगमगती होती, ते २०१६ मध्ये दिसलं. २३ मार्चला बेंगळुरूत टी-ट्वेंटी विश्वचषकात भारतानं बांगलादेशला एका धावेनं हरवलं. त्यानंतर अमिताभ बच्चन यांनी ट्वीट केलं की, भारतीय समालोचकानं सतत दुसऱ्यांच्या खेळाडूंपेक्षा आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं. नाव घेतलेलं नव्हतं. महेंद्रसिंग धोनीनं त्याला दुजोरा दिला. काही दिवसांनी आयपीएल सुरू झाली, तेव्हा भोगले समालोचकांच्या यादीत नव्हते. आपल्याला कारण सांगण्यात आलेलं नाही, असं त्यांनी स्वतः लिहिलं. आणि खेळाडूंच्या तक्रारीमुळे हे घडलं नसावं, अशी आशाही व्यक्त केली.

ट्वीट आणि गच्छंती यांचा थेट संबंध कुणी अधिकृतपणे सांगितला नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो ट्वीटमागचा विचार. समालोचक आपल्या संघाचा असावा, ही ती अपेक्षा. भोगले समोरच्या संघाचंही तेवढ्याच प्रेमानं कौतुक करायचे. बांगलादेशचा पोरगा चांगला खेळला तर तो चांगला खेळला असं म्हणायचे. मॅच बघताना ही गोष्ट आपल्यालाही टोचते, हे खरं आहे. आपली विकेट पडलीय आणि हा माणूस गोलंदाजाचं मनगट वाखाणतोय! पण दुसऱ्या दिवशी ती टोच जाते आणि मनगट लक्षात राहतं. पुढं ते कॉमेंट्री बॉक्समध्ये परतले, हे आपलं नशीब.

आता उणी बाजू. ती लिहिली नाही तर हा लेख म्हणजे सत्काराचं भाषण होईल.

भोगले फार गोड बोलतात. कधीकधी इतके, की सामान्य सामनाही सोहळा वाटायला लागतो. आयपीएलच्या सुरुवातीच्या वर्षांत षटकाराला प्रायोजकाचं नाव जोडून बोलावं लागे. सगळेच बोलत, पण भोगल्यांच्या तोंडी ते इतकं सहज येई की जाहिरात कुठं संपली आणि वर्णन कुठं सुरू झालं ते कळेना. जाहिरातीच्या धंद्यातून आलेल्या माणसाची ही सफाई कौतुकाची की काळजीची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरं म्हणजे व्यवस्थापनाची भाषा. त्यांनी पत्नी अनिता यांच्यासोबत ‘द विनिंग वे’ हे पुस्तक लिहिलं, कंपन्यांमध्ये व्याख्यानं दिली. आयआयएममधलं त्यांचं एक भाषण तर इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास फिरायचं: प्रतिभा एका टप्प्यापर्यंतच पुरते, पुढं वृत्ती लागते, असा त्याचा गाभा. ऐकताना उत्साह येतो. पण प्रत्येक खेळीचा धडा काढायची सवय लागली की खेळातला नुसता खेळ मागं पडतो. काही कव्हर ड्राइव्ह काहीच शिकवत नाहीत. ते फक्त सुंदर असतात. हे भोगल्यांना इतर कुणापेक्षा जास्त कळतं, म्हणूनच त्यांच्याकडून धडे ऐकताना चुकल्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात जड. भारतातलं प्रक्षेपण बऱ्याच काळापासून क्रिकेट बोर्डाच्या मुठीत आहे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इथं आला, तेव्हा काही विषयांवर बोलायचं नाही अशी बंधनं आहेत हे कळल्यावर इयान चॅपेल यांनी समालोचनाचं काम नाकारलं. चॅपेल यांना ते परवडत होतं. ते ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार. भोगल्यांकडे बोलण्याखेरीज दुसरं भांडवल नव्हतं. म्हणून असेल, पण सगळ्यात चांगले प्रश्न विचारणाऱ्या या माणसाचे प्रश्न सीमारेषेच्या आतच राहिले. निवड, पैसा, बोर्ड यांच्याबद्दल त्यांनी माइकवर क्वचितच काही विचारलं. खेळलेल्या माणसांच्या राज्यात न खेळलेल्यानं टिकायचं, तर ही किंमत द्यावी लागली, असं मी समजून घेतो. समजून घेतलं तरी हिशेबात ती लिहावीच लागते.

थांबणं

समालोचक निवृत्त कसे होतात? इंग्लंडचे जॉन अर्लट आधी पोलीस होते, मग कवी, मग बीबीसीचे समालोचक. तेही मोठं क्रिकेट न खेळलेले. १९८० मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंड-ऑस्ट्रेलिया शतकी कसोटीत त्यांनी शेवटचं वर्णन केलं. निरोपाचं भाषण केलं नाही. यानंतर कोण बोलणार एवढं सांगितलं आणि उठले. मग मैदानातल्या ध्वनिवर्धकावर घोषणा झाली आणि खेळाडूंनी, प्रेक्षकांनी उभ्यानं टाळ्या वाजवल्या. ज्यांच्याबद्दल हा माणूस आयुष्यभर बोलला, त्यांनी खेळ थांबवून त्याची दखल घेतली.

अमेरिकेत बेसबॉलचे विन स्कली. १९५० ते २०१६, एकाच डॉजर्स संघासाठी सलग ६७ हंगाम. थांबले तेव्हा वय ८८. भोगल्यांसारखेच तेही विद्यापीठाच्या संघापर्यंत खेळलेले, त्यापुढं नाही. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात हँक एरन या कृष्णवर्णीय खेळाडूनं बेब रूथचा होमरनचा विक्रम मोडला. स्कलींनी चेंडू बाहेर गेला एवढं सांगितलं आणि गप्प झाले. बराच वेळ फक्त गर्दीचा आवाज. मग बोलले ते चेंडूबद्दल नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात, जिथं वर्णभेद मुरलेला, तिथं एका कृष्णवर्णीय माणसासाठी सगळे उभे राहिलेत, याकडे त्यांनी ऐकणाऱ्यांचं लक्ष वेधलं. त्या क्षणी मैदानातल्या माणसाला चेंडू दिसला असेल. गर्दी दिसायला मैदानाबाहेर उभं राहावं लागतं.

भोगल्यांना स्कलींच्या वयापर्यंत बोलायचं असेल तर अजून दोन दशकं आहेत. पण प्रश्न त्यांच्या वयाचा नाही, खुर्चीचा आहे. मोबाइलवर आज मराठीतूनही आयपीएल ऐकता येते, ही आनंदाची गोष्ट आहे. बाळ ज. पंडितांची वाट इतक्या वर्षांनी रुंद झाली. तिथं कोण बोलतं? बहुतेक माजी किंवा आजी खेळाडू. २०२३ मध्ये केदार जाधव मराठी समालोचन करत होता. मध्येच बेंगळुरूच्या संघानं बोलावलं आणि तो माइक ठेवून थेट मैदानात उतरला. मला तो किस्सा आवडतो. पण त्यात एक गोष्ट दिसते: त्या खोलीतून मैदानात जायला दार आहे. प्रेक्षकांतून त्या खोलीत यायला नाही. त्यामुळे मराठी कॉमेंट्रीत कोट्या भरपूर ऐकू येतात, ड्रेसिंग रूमचे किस्सेही. कुणी नीट प्रश्न विचारताना मात्र फार कमी वेळा ऐकू येतं.

भोगल्यांची घरची भाषा मराठी आणि कामाची इंग्रजी राहिली. त्यांनी जे केलं ते मराठीत करणारा अजून यायचाय. तो पुण्या-मुंबईतून येईल किंवा रिसोड, मेहकर, कारंज्यातून. आजही कुठल्यातरी टूर्नामेंटमध्ये यूट्यूब लाइव्हला मोबाइल लावून तो बोलत असेल. त्याला रणजी खेळलास का, असं विचारणारे खूप भेटतील. त्यानं काकांचं उत्तर द्यावं आणि पुढच्या ओव्हरकडे बघावं.

तोवर एक करून बघा. पुढच्या सामन्यात भोगले माइकवर असतील तेव्हा मोबाइलची स्क्रीन पालथी ठेवा आणि पाच षटकं नुसती ऐका. ते किती बोलतात हे मोजू नका. त्यांच्या प्रश्नानंतर शेजारचा माणूस काय काय बोलतो, ते ऐका.